अंगठ्याखालचा खळगा

मला माणसं चेहऱ्यानं कमी आणि हाताच्या मापानं जास्त आठवतात. बाजारात कोणी बाई ओळख दाखवून हसली की मी आधी तिचं मनगट पाहते. सव्वादोन इंची बांगडीचा हात, उजवा अंगठा जरा ताठ, म्हणजे ही अमक्या घरची थोरली. चेहरे बदलतात, दात पडतात, हाडं तशीच राहतात.

मी कासारीण. चौथी पास झाले, मग लग्न झालं, आणि सासऱ्यांनी खांद्यावर बांगड्यांच्या लडी दिल्या. मालक चिखलीच्या बाजारात दुकान लावत. त्यांना चालणं झेपत नसे आणि मला बसणं, म्हणून आसपासची गावं माझ्याकडं आली. महाराष्ट्र नवा झाला तेव्हा मी गावोगाव फिरत होते, आणि गुडघे बोलायला लागले तोवर फिरले. दिवाळी अंकवाल्यांना माझ्याकडून बांगड्यांची हकीकत हवी आहे. मी सुजेची सांगणार आहे. बांगड्या आता कोणीही विकतं, सुजेबद्दल मला जे दिसलं ते मात्र या धंद्यातच दिसू शकत होतं.

आधी धंदा सांगते. काचेची बांगडी ताणत नाही, म्हणून हात लहान करावा लागतो. अंगठा तळव्यात दुमडायचा, त्याच्या मुळाशी मांसाचा गोळा असतो तो माझ्या अंगठ्यानं दाबून आत ढकलायचा, बोटं चोचीसारखी जुळवायची आणि बांगडी फिरवत चढवायची. दुखतं. बाई ओरडते, कासारीण तिला माहेरच्या गोष्टी विचारते, तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असते. चढवताना एखादी तडकली तर ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. बांगड्या फोडण्याचा दिवस बाईच्या आयुष्यात एकच, नवरा गेल्याचा. त्या दिवसानंतर तिचा हात कासारणीच्या हातात पुन्हा येत नाही. असे कितीतरी हात माझ्यासमोरून उठून गेले. त्या बाया समोर बसून सुनांच्या बांगड्यांचा रंग निवडतात, पण स्वतःचे हात पदराखाली.

हात रोज सारखा नसतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नाही. थंडीत आखडतो, उन्हाळ्यात फुगतो. पौषात ज्या बाईची बांगडी कोपराकडं घरंगळते, तिलाच चैत्रात ती रुतते. दिवसभर निंदणी केलेल्या बाईचा हात संध्याकाळी वेगळा असतो. हे सगळं नेहमीचं चढणं-उतरणं. यापलीकडचं काही झालं की माझ्या अंगठ्याला ते आधी कळायचं, माझ्या डोक्याला फार नंतर.

देऊळगाव राजाला बालाजीच्या जत्रेत मी दुकान लावत असे. तिथं एका पोरीला गांधीलमाशी चावली. बघता बघता हात लाल झाला, तापला. मी औषधाच्या मागं न लागता आधी बांगड्या उतरवल्या, नाहीतर त्या आत रुतून बसल्या असत्या. पोरगी माशीपेक्षा माझ्यावर जास्त रडली. ती सूज एका बाजूची होती, गरम होती, दाबली तर कडक लागायची. गळवाची सूज तशीच, काटा मोडल्याची तशीच. शत्रू कुठून आला हे त्यात दिसतं.

दुसरी सूज थंड असते. एका शिंप्याची बायको होती. सकाळी पाय बरे, संध्याकाळी खांबासारखे. उताणी झोपली तर जीव घाबरायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायची. दवाखान्यात सांगितलं की हृदय थकलंय, पाणी वर खेचलं जात नाही, ते पायात उतरतं. गोळ्या दिल्या आणि मीठ तोडलं. ती मला म्हणाली, “बिनमिठाची भाजी खाऊन जगाचं, त देवानं तोंड कायले देलं, वं मावशी?” तरी दोन संक्रांती आणखी भरल्या तिनं माझ्याकडून.

तिसरी सूज मी मोठ्या दुष्काळात पाहिली. खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगेत एक जण गुबगुबीत दिसली. मला वाटलं, हिच्या घरी धान्य दिसतं. हात धरला तर दंडाला मांस नव्हतं, खाली मनगट आणि पाय फुगलेले. उपाशी माणूस जाड दिसू शकतं, हे मला तोवर कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पुढं सरकारी सुकडी, ती गोड पौष्टिक भुकटी, मिळायला लागली, दोन घास पोटात गेले, तेव्हा ती सूज उतरली आणि खालून हाडं निघाली. बरी झाली तेव्हा ती वाळलेली दिसायला लागली.

पण सुजेकडं बघायला मला शिकवलं ते वच्छलानं. हे दुष्काळाच्या बरंच आधीचं.

वच्छला ही पार्वताबाईची सून. चिखलीपासून दोन-तीन कोसांवर त्यांचं गाव, बरी शेती, दोन बैलजोड्या. पार्वताबाई तरुणपणीच विधवा झालेली. एकच मुलगा, नारायण, त्याला तिनं शेत कसून वाढवला. बोलायला फटकळ. मीही तशीच, म्हणून आमचं जमायचं आणि दरवेळी भांडणही व्हायचं. दिवाळीत वच्छलाला सातवा लागला तेव्हा चोळी शिवली आणि हिरव्या बांगड्या भरायला मला बोलावलं. हात सव्वादोनचा, नाजूक, पोरसवदा. सातव्यातल्या बांगड्या बाळंत होईपर्यंत काढत नाहीत आणि पुढं हात थोडा भरतो, म्हणून मी जाणून एक माप मोठं घातलं, दोन-सहा, म्हणजे दोन इंच सहा आणे. सैल बसल्या. वच्छला हात हलवून त्या वाजवत होती आणि सासू तिला म्हणत होती, “लेकराले झोपू दे आतल्या.”

संक्रांतीच्या आधी मी पुन्हा त्या गावात गेले. कडाक्याची थंडी होती, सगळ्या गावाचे हात आखडले होते. दोन-सहाच्या बायका सव्वादोन मागत होत्या. पार्वताबाईच्या ओसरीवर शेजारणी जमल्या होत्या आणि मधे वच्छला बसली होती. मी तिला आधी ओळखलंच नाही. तोंड गोल, गाल चकचकीत, पापण्या जड.

पार्वताबाई मोठ्या अभिमानानं म्हणाली, “पाह्य वं कासारीण, कशी भरली माही सून. आली तवा नुसती काडी होती.”

शेजारणींनी तिला दुजोरा दिला. कोणी तूप अंगी लागलं म्हणालं, कोणी पोरगाच होणार म्हणालं. सासू खायला देत नाही असं गावात कोणी म्हणू शकणार नाही, याचा पार्वताबाईला आनंद होता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडं सून भरली म्हणजे घर चांगलं.

मी सवयीनं वच्छलाचा हात हातात घेतला. दिवाळीत ज्या बांगड्या वाजत होत्या त्या आता हलत नव्हत्या. दोन बांगड्यांच्या मधून मांस वर आलं होतं. मी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, रोज दाबते तसं, आणि अंगठा उचलला. तिथं खळगा राहिला. कणकेच्या उंड्यात बोट रुतवावं तसा, माझ्या अंगठ्याच्या आकाराचा. मी तो भरून येईल म्हणून वाट पाहिली. तो भरला नाही. मनगटाच्या वर दाबलं, तिथं दुसरा पडला.

मी तिला विचारलं, डोकं दुखतं का.

“दोन दिसापासून ठनकून राह्यलं, मावशी,” ती हळूच म्हणाली. “चुलीकडं पाह्यलं का डोयापुढं काजवे चमकतात.”

“थंडी बाधली तिले,” पार्वताबाई म्हणाली.

मी तिला सरळ सांगितलं की ही ताकद नाही, हे पाणी आहे, थंडीत गावभर हात लहान झालेत आणि हिचा एकटीचा मोठा झालाय, हिला दवाखान्यात ने. पार्वताबाईचा चेहरा बदलला.

“तूच लहान माप घातलं,” ती म्हणाली. “बांगड्यायनं रगत आडलं, म्हून हात सुजला. सूत बांधलं का बोट फुगते, तसं. या उतरव, मोठ्या घाल, अन् मंग पाह्य सूज उतरते का नाई.”

आता यात अक्कल नव्हती असं नाही. बोटाला सूत घट्ट बांधलं तर बोट फुगतंच. पण माझ्या मापाला कोणी नाव ठेवलं की मला राग येतो. मी वच्छलाच्या लुगड्याचा काठ उचलला. पायातल्या चांदीच्या तोरड्या मांसात अशा बुडाल्या होत्या की वरून नुसती रेघ दिसत होती.

“हाताचं माप माझं चुकलं असेल,” मी म्हटलं. “पायात मी काय भरलं होतं?”

पार्वताबाई खाली बसली. तिनं आपला अंगठा सुनेच्या नडगीवर ठेवला, दाबला, उचलला. त्या खळग्याकडं ती बराच वेळ पाहत राहिली. मग मागं वळून न बघता म्हणाली, “नारायन, गाडी जुप.”

मला म्हणाली, “तू बी चाल. बांगड्या उतरवा लागल्या त तूच उतरवशीन. दुसऱ्या कोनाचा हात लागू देनार नाई. अन् एकबी वाढली नाई पायजे. माहा एकच लेक हाये.”

गाडीत कडबा पसरून वर गोधड्या घातल्या. नारायण बैलांना पळवत होता आणि खाचखळगे चुकवत होता, दोन्ही एकदम जमत नव्हतं. वच्छला माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून होती, ऊन सहन होत नाही म्हणत होती. वाटेत पार्वताबाई एकदाच बोलली. तिची धाकटी बहीण अशीच भरली होती, म्हणाली. लोक म्हणायचे किती छान दिसते. मग एके दिवशी दातखीळ बसली, अंग ताठ झालं, आणि दोघंही गेली, ती आणि पोटातलं. घरच्यांनी दृष्ट लागली म्हटलं होतं. “आमी लिंबू उतरवलं,” पार्वताबाई म्हणाली.

चिखलीच्या दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टरीणबाई होत्या. शहरातल्या होत्या, आमची बोली त्यांना एकेकदा पुन्हा विचारावी लागे, पण माणसाला त्या हात लावून बघायच्या. त्यांनी वच्छलाच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, पाऱ्याकडं पाहिलं. पुन्हा भरली, पुन्हा पाहिलं. मग उजेड नको म्हणून नर्सला खिडक्या लावायला सांगितल्या. लघवी तपासायला घेतली. काचेच्या नळीत ती ओतून खाली दिवा धरला. मी जवळ उभी होते, त्यांनी मला हाकललं नाही. आधी साधं पाणी दिसत होतं. तापलं तसं ते वरून पांढरं झालं, मग दाट, अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठलं.

मी आयुष्यात काच वितळताना पाहिली आहे, लाख वितळताना पाहिली आहे. असं काही पाहिलं नव्हतं. पाणी आगीवर गोठतं, आणि ते माणसाच्या आतून आलेलं.

“हे तिच्या रक्तातलं सत्त्व आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते रक्तात राहायला हवं, लघवीतून जातंय. ते गेलं की पाणी नसांमध्ये टिकत नाही, मांसात झिरपतं. आणि दाब इतका वाढलाय की कधीही झटके येतील.”

त्यांनी पार्वताबाईला आणि मला पुढं असंही सांगितलं की गरोदर बाईचे पाय संध्याकाळी थोडे सुजले आणि सकाळी उतरले तर घाबरायचं नाही. पण तोंड आणि हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं चमकतंय, पोटात वरच्या बाजूला दुखतंय, तर तिला घरात ठेवायचंच नाही. मी ते शब्द पाठ केले. पुढं प्रत्येक गावात तेच म्हणत राहिले, बायका कंटाळल्या तरी.

मग त्या म्हणाल्या, “हातातल्या बांगड्या काढा. झटका आला तर काच मनगटात घुसेल.”

पार्वताबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी बाही वर केली.

सुजलेल्या हातातून बांगडी काढायची एक रीत आहे. हात वर धरायचा. ओल्या कापडाची लांब पट्टी बोटांच्या टोकापासून मनगटाकडं घट्ट गुंडाळत आणायची आणि थोडं थांबायचं, म्हणजे पाणी मागं सरकतं. पट्टी सोडली की हात थोडा वेळ लहान राहतो. तेवढ्यात तेल लावून एक बांगडी काढायची. पुन्हा पट्टी, पुन्हा तेल. नर्सनं पट्टी दिली. खोली अर्धी अंधारी होती, मी नजरेनं कमी आणि बोटांनी जास्त काम करत होते. पाणी माझ्या पकडीखालून सरकताना कळत होतं. वच्छला कण्हत होती. एकेक बांगडी अख्खी निघत होती, पार्वताबाई ती हातात घेऊन पुसत होती आणि फडक्यात ठेवत होती. नारायण दारात उभा होता.

उजवा हात मोकळा झाला. डाव्याच्या बहुतेक उतरल्या. शेवटच्या दोन राहिल्या तेव्हा वच्छलानं माझ्याकडं तोंड वळवलं, पण ती मला पाहत नव्हती. डोळे वर गेले, जबडा आवळला, आणि तिचा हात माझ्या हातात लाकडासारखा ताठ झाला.

“फोडा त्या,” डॉक्टरीणबाई सुई भरता भरता म्हणाल्या.

त्यांनी साधा शब्द वापरला. आमच्याकडं तो कोणी उच्चारत नाही, आणि कासारीण तर बांगडीवर घाव घालतच नाही. माझे हात जागच्या जागी थांबले. पार्वताबाईनं मान वळवून दारातल्या नारायणाकडं पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, नीट. तिच्या मनात काय होतं ते त्या खोलीत मला आणि नर्सला, दोघींनाही कळलं. त्या दोन बांगड्या म्हणजे तिचा मुलगा होता.

“सरक,” ती मला म्हणाली.

तिनं आपल्या पदराचा काठ बोटानं दोन बांगड्यांखाली कोंबला. उरलेल्या पदराची घडी वरून घातली. उशाशी ठेवलेला पितळी तांब्या उचलला आणि त्याच्या काठानं नेमका एक ठोका दिला. आवाजसुद्धा फार झाला नाही. पदर उचलला तर सगळे तुकडे पदरात, मनगटावर ओरखडा नाही. मग वच्छलाचं अंग झटके देऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी तिला कुशीवर वळवलं आणि सुई टोचली.

पार्वताबाईला हे इतकं सफाईनं कसं आलं, ते मला सांगावं लागलं नाही. गावात कोणाचा नवरा गेला की हे काम तिच्याकडं यायचं. रडणाऱ्या बाईला काच लागू नये म्हणून तिनं ती रीत बसवली होती. मी इतकी वर्षं त्या गावात हात भरत होते, आणि तिच्या हाताला हे ठाऊक आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

तुकडे तिनं पदराच्या गाठीत बांधले. “जे व्हाचं ते माह्या माथी,” एवढंच म्हणाली. नारायण पुढं येऊन तिच्याजवळ बसला. तिनं त्याला बैलांना पाणी दाखवायला पाठवलं.

माझं घर चिखलीतच, मी दिवेलागणीला परतले. त्या आधी आणखी एक झटका येऊन गेला होता. सकाळी गेले तर वच्छला बाळंत झाली होती. मुलगी, अगदी लहान, पण रडत होती. नर्स मला हसून म्हणाली की या आजीनं पोरगा का पोरगी हे विचारलंच नाही. “तिचे डोये उघडले का?” एवढंच विचारलं, तेही पुन्हा पुन्हा. वच्छलाचे डोळे दुसऱ्या दिवशी उघडले.

आणि नंतर जे झालं त्याला माझ्याकडं शब्द कमी आहेत. पाणी उतरायला लागलं. नर्स लघवीची भांडी मोजून ठेवत होती आणि भांडी पुरत नव्हती. आधी पापण्या सुटल्या, मग गालाचं हाड वर आलं. एक दिवस घोट्याची गाठ दिसली. मी रोज दुकानावर जाण्याआधी बघून यायची, जणू माझंच काही तिथं चाललं होतं. एका सकाळी मी खाटेजवळून सरळ पुढं गेले आणि रिकाम्या खाटेकडं बघत राहिले. मागून आवाज आला, “मावशी, मी इकडं हावो.” वळले तर दिवाळीतली काडी बसली होती.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, एवढं पाणी माणसात मावतं कुठं. त्या म्हणाल्या, माणसात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आपण नुसतं ते जागेवर ठेवून जगतो. जिथं असायला हवं तिथून ते हललं की सूज. त्यांना ते साधं वाटत असावं. मी त्या दिवशी घरी जाताना माझा हात वर धरून पाहिला. नसा आटल्या. खाली सोडला, भरल्या. इतकी वर्षं मी ज्याला मांस समजून दाबत होते ते एक अडवून धरलेलं तळं होतं, आणि कोणी न सांगता ते आपल्या काठात राहत होतं. मला रस्त्यात उभं राहावं लागलं.

सगळ्याच जणी वाचल्या नाहीत, तेही लिहिलं पाहिजे. नंतरच्या वर्षांत मी अंगठ्यानं आणखी खळगे पाहिले, दवाखान्यात जा म्हणून भांडले. काही घरांनी गाडी जुंपली, काहींनी मलाच दारात उभं करायचं बंद केलं. सुजेला मी ओळखायला शिकले, घराच्या मालकाला वळवायला मात्र शेवटपर्यंत शिकले नाही.

सव्वा महिना झाल्यावर पार्वताबाईनं मला बोलावलं. वच्छला बाळ मांडीवर घेऊन बसली होती. पार्वताबाईनं कापडातून त्याच हिरव्या बांगड्या काढल्या, सगळ्या अख्ख्या, पुसून ठेवलेल्या. मी वच्छलाचा हात घेतला, दाबला, अंगठा उचलला. मांस लगेच वर आलं. बांगड्या तेल न लावता, तिला कळायच्या आत गेल्या आणि मनगटावर खळखळल्या. कमी पडलेल्या दोन मी माझ्याकडच्या घातल्या. वच्छलानं मला नमस्कार केला, नारायणानं दाराआडून हात जोडले. तो अजून आहे. ओसरीवर बसून तंबाखू मळतो आणि पावसाला शिव्या देतो.

शेजारणींचे हात भरून झाले, त्या गेल्या. वच्छला बाळाला घेऊन आत गेली. मी लडी आवरत होते, तेव्हा पार्वताबाई माझ्यासमोर येऊन बसली. पदराखालून उजवा हात काढला आणि माझ्यापुढं धरला. त्या हाताला नांगराचे घट्टे होते, मनगट उघडं होतं, आणि तिचा नवरा गेल्यापासून ते कोणा कासारणीच्या हातात आलं नव्हतं.

“दाब,” ती म्हणाली. “पाह्य, माह्या अंगात पानी हाये का.”

मी तो धरला. अंगठा तळव्यात दुमडला, मुळाशी दाबला, बांगडी चढवताना दाबते तितकाच जोर दिला. तिनं तोंड वाकडं केलं नाही. अंगठा उचलला. कातडी क्षणभर पांढरी राहिली, मग तिच्यात रंग परत आला आणि सगळं सपाट झालं.

“काही नाही,” मी म्हटलं. “कोरडी आहेस.”

“मंग बरं,” ती म्हणाली. हात मात्र तिनं लगेच काढून घेतला नाही, आणि मीही सोडला नाही. आत पाळणा हलत होता, बांगड्या वाजत होत्या. मग ती उठली आणि चहा ठेवायला गेली.

सवयीनं माझ्या बोटांनी माप घेतलं होतं. दोन-सहा.